पाडव्याच्या बाजारात जुना फ्लॅट विकायचा, तर ऑक्टोबरात काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडमध्ये 1994 सालच्या सोसायटीत टू बीएचके आहे, चार मजली इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर होता. ते 2022 मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. आई तुमच्याकडे बंगळूरला असते, भाऊ अमेरिकेत, घर दीडेक वर्ष बंद आहे. पाडवा ते अक्षय तृतीया या दिवसांत विकावं असं तिघांच्या मनात आहे. एजंट म्हणतोय, तीन लाख घालून रंग आणि मॉड्यूलर किचन करून घ्या, दहा लाख जास्त मिळतील. आत्ता ऑक्टोबर आहे. हा खर्च करावा का, आणि इतक्या लवकर सुरुवात करण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अर्थ आहे, आणि ऑक्टोबर काही फार लवकर नाही. पण त्याचं कारण किचन नव्हे. पुण्यात रिसेलचे व्यवहार करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. रंग जुना आहे म्हणून मोडलेला सौदा मला आठवत नाही. रंगाचे पैसे भाव ठरवताना कापले जातात आणि विषय संपतो. वारसांचे कागद पुरे नाहीत म्हणून पाडव्यावरून दसऱ्यावर गेलेले सौदे मात्र बरेच आठवतात, आणि त्यातले काही दसऱ्यालाही झाले नाहीत. तुमच्या घराला दोन कामांसाठी वेळ हवाय: भिंतीतली ओल वाळायला आणि कागद तयार व्हायला. या दोन्ही गोष्टी जास्त पैसे मोजून लवकर होत नाहीत.

आधी या हंगामाचं गणित सांगतो, कारण सगळ्या तारखा त्यावरून मागे मोजायच्या आहेत. फ्लॅट बघायला येणारं कुटुंब मुलांच्या शाळेकडे बघून चालतं. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाकीच्यांच्या मार्च-एप्रिलमध्ये, आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्यांना मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात ताबा हवा असतो, शिवाय त्यांना घरात स्वतःचं थोडं काम करून घ्यायचं असतं. बँकेचं कर्ज, खरेदीखत आणि उरलेली रक्कम यात विसार दिल्यापासून सहा ते आठ आठवडे सहज जातात. म्हणजे विसार मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत व्हायला हवा, आणि त्याआधी तीन-चार आठवडे गिऱ्हाईक घर बघत असतं. पौषात बरेच जण घराचा विषयच काढत नाहीत, संक्रांतीनंतर हलायला लागतात. तेव्हा घर फेब्रुवारीच्या सुरुवातीला दाखवण्याजोगं असायला पाहिजे. पाडवा हा त्या हंगामाचा मुहूर्त आहे, सुरुवात नव्हे.

शिवाय पाडवा दरवर्षी सरकतो. 2024 ला तो 9 एप्रिलला होता, 2025 ला 30 मार्चला, 2026 ला 19 मार्चला. त्यामुळे 'पाडव्याच्या आधी दोन महिने' असं धरून चालू नका, जानेवारी अखेर ही तारीख पक्की धरा. अजून एक बारीक गोष्ट: पाडव्याला सरकारी सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी लोक विसार देतात, कलश ठेवतात, पण दस्त सहसा दुसऱ्या दिवशी नोंदवतात. अक्षय तृतीयेला तशी सुट्टी नसते. ती कामाच्या दिवशी आली तर दुय्यम निबंधकाकडे गर्दी असते.

लोक 31 मार्चचीही धास्ती घेतात, कारण रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर बदलायचे झाले तर ते सहसा 1 एप्रिलपासून बदलतात. 2025 मध्ये ते वाढले होते. पण मुद्रांक शुल्क व्यवहाराची किंमत आणि रेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. तुमच्या फ्लॅटचा भाव रेकनरच्या बराच वर असेल तर रेकनर चार-पाच टक्के वाढल्याने खरेदीदाराला काहीच फरक पडत नाही. भाव रेकनरला चिकटून असेल तरच घाई करण्यात अर्थ आहे. आणि तेव्हाही मार्चमध्ये शुल्क भरून दस्तावर सह्या झाल्या असतील तर नोंदणीला चार महिन्यांची मुदत मिळते. 'एकतीसच्या आत करून टाकू, नाहीतर भाव कमी करा' असं कोणी म्हणालं तर आधी रेकनरचा दर काढून बघा.

आता तुम्ही न विचारलेला, पण माझ्या मते पहिला प्रश्न. तुमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं काय चाललंय? कोथरूडमधल्या नव्वदच्या दशकातल्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्यांमध्ये हा विषय निघाला नसेल तर नवल. सेक्रेटरींना फोन करून तीन गोष्टी विचारा: सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का, वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमलाय का, आणि बिल्डरबरोबर विकसन करारनामा झालाय का. सहकार कायद्यातल्या कलम 79 अ खालच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांनुसार यासाठी एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते. ते काम कुठवर आलंय यावर तुमची पुढची सगळी तयारी ठरते.

नुसती चर्चा असेल तर खरेदीदार ती आशा म्हणून भावात थोडीशी धरतो, फार नाही. ठराव होऊन बिल्डर ठरण्याच्या टप्प्यावर असेल, तर तुम्ही फ्लॅट विकत नसून त्यावरचा नव्या घराचा हक्क विकताय. मग किचनच काय, रंगालाही अर्थ नाही. शिवाय पाडायच्या इमारतीवर कर्ज द्यायला बँका सहसा तयार नसतात, त्यामुळे गिऱ्हाईक कर्जाशिवाय घेणारं आणि घासाघीस करणारं येतं, शाळेचं वर्ष गाठणारं कुटुंब येत नाही. तिघांनी बसून ठरवायचं ते हे, की आत्ता विकायचं की दोन-चार वर्षं थांबून नवं घर घ्यायचं. आईचं वय, पैशाची गरज, भाऊ परत येणार की नाही, हे मला माहीत नाही, म्हणून यावर मी मत देत नाही. पण हा निर्णय होईपर्यंत घरावर रुपया घालू नका. पुढचं सगळं 'विकायचंच ठरलं आहे आणि रीडेव्हलपमेंट अजून लांब आहे' असं धरून लिहितोय.

कागदांकडे येऊ. वडील मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ यांचा सारखा, एक तृतीयांश वाटा. आजी, म्हणजे वडिलांच्या आई, त्या वेळी हयात असतील तर त्याही वारस. हे लोक विसरतात. सोसायटीत वडिलांनी आईचं नाव नॉमिनी म्हणून लावलं असेल तर शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव येईल, पण त्याने आई एकट्या मालक होत नाहीत. खरेदीखतावर सह्या तिघांच्याच लागतील. सोसायटीने नाव लावलं म्हणजे झालं, अशी समजूत असलेली घरं मला दरवर्षी भेटतात आणि खरेदीदाराच्या बँकेचा वकील ती समजूत एका पत्रात मोडून काढतो.

तो वकील काय मागेल, हे बँकेवर आणि माणसावर अवलंबून आहे. कुणाला मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि सोसायटीचं नवं शेअर सर्टिफिकेट एवढ्यावर चालतं. कुणी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतो, जो आपल्याकडे 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो आणि ज्याला काही महिने लागतात. अडचण नेमकी इथे आहे. तुम्ही ऑक्टोबरात अर्ज केलात तर दाखला हंगामात हातात असण्याची बरीच शक्यता आहे. एप्रिलमध्ये खरेदीदाराच्या बँकेने मागितल्यावर अर्ज केलात तर खरेदीदार निघून जाईल, कारण त्याला जूनची शाळा गाठायची आहे. म्हणून आत्ताच एक वकील गाठा, कोथरूड भागात नेहमी कर्ज देणाऱ्या दोन-तीन बँकांच्या ठरलेल्या वकिलांकडे काय चालतं हे त्यांना माहीत असतं. त्यांनी दाखला घ्या म्हटलं तर फीचा विचार न करता अर्ज टाका. घरात आजवर एक पैसाही मिळालेला नसताना वकिलाची फी द्यायची लोकांना जिवावर येतं, पण या सगळ्यात सगळ्यात जास्त परतावा देणारा खर्च हाच आहे.

भाऊ सहीला येणार नसेल तर मुखत्यारपत्र लागेल. अमेरिकेतल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं, किंवा तिथल्या नोटरीचं आणि त्यावर अपोस्टील (परदेशात मान्य होणारा तिथला सरकारी शिक्का) घेतलेलं, दोन्ही चालतं. मूळ कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ही मुदत चुकवू नका. मसुदा इथल्या वकिलाकडूनच करून पाठवा. विकण्याचा, पैसे स्वीकारण्याचा, नोंदणी कार्यालयात हजर राहण्याचा, सोसायटी आणि महापालिकेत सह्या करण्याचा अधिकार नावानिशी लिहिलेला हवा. इंटरनेटवरून उचललेल्या मसुद्यात यातलं एखादं राहतं आणि कागद पुन्हा समुद्र ओलांडतो.

भावाने आपला हिस्सा आईच्या नावे हक्कसोडपत्र करून सोडावा का, हा प्रश्न तुमच्या घरात निघेलच. जवळच्या नात्यात मोबदला न घेता केलेल्या अशा दस्ताला शुल्क नाममात्र असतं, आणि पुढे सह्या करणारं एक माणूस कमी होतं. त्याहून मोठा फायदा करकपातीचा आहे. इथे राहणाऱ्या विक्रेत्याला पन्नास लाखांच्या किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. विक्रेता अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर असं कापावं लागतं. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नाही तर ते नफ्यावर नव्हे, पूर्ण हिश्श्यावर कापलं जातं. पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यानंतर. शिवाय हे ऐकल्यावर बरेच खरेदीदार नुसत्या कटकटीला घाबरून पुढच्या फ्लॅटकडे वळतात.

उलट बाजू अशी की हक्कसोड म्हणजे खरंच हक्क सोडणं. विकल्यावर आई त्याला पैसे देईल हे तुमच्या घरातल्या विश्वासावर आहे, कागदावर नाही. आणि त्याच्या वाट्याचा नफा आता आईच्या खात्यात येईल, म्हणजे त्याची स्वतंत्र करबचतीची संधी गेली. तिघांनी विकलं तर तिघांना आपापल्या नफ्यापुरती वेगळी सवलत मिळते. माझा कल असा आहे: भावंडांत शंकेला जागाच नसेल आणि सीएने आकडे मांडून दाखवले असतील तर हक्कसोड करा, जरा जरी संकोच असेल तर तिघांनी मिळून विका आणि भावाचं प्रमाणपत्राचं काम वेळेत करा. त्यासाठी त्याचं पॅन चालू आहे ना, आयकर पोर्टलवर त्याला लॉगिन करता येतं ना, हे आत्ताच बघून ठेवा. अर्ज विसार झाल्यावरच करता येतो, पण पॅन दुरुस्तीत तीन आठवडे गेले तर तो उशीर खरेदीदार तुमच्याच नावावर लिहितो.

मी सीए नाही, पण सीएकडे जाताना कोणते कागद न्यायचे एवढं सांगतो. फ्लॅट 2001 च्या आधीचा असल्याने खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य धरता येतं, मात्र ते त्या दिवशीच्या रेकनर मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून घ्यावा. 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाई निर्देशांक न धरता, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी घेतलेल्या घरांसाठी इथे राहणाऱ्या व्यक्तीला हे साडेबारा टक्के किंवा निर्देशांक धरून वीस टक्के, यातला जो कर कमी तो भरता येतो. ही निवड अनिवासी भावाला नाही. म्हणजे एकाच फ्लॅटच्या तीन सारख्या हिश्श्यांवर कर वेगवेगळा येऊ शकतो, आणि हे विकण्याआधी तिघांना कळलेलं बरं. नफा दुसऱ्या घरात किंवा सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत, माणशी पन्नास लाखांपर्यंत गुंतवून वाचवता येतो.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती एजंटच्या तीन लाखांशी जोडलेली आहे. रंग आणि दुरुस्तीचा खर्च नफ्यातून सहसा वजा होत नाही. दलाली होते. तेव्हा 'खर्च दाखवता येईल' हे कारण रंगासाठी देऊ नका.

सोसायटीकडून काय लागेल ते थोडक्यात. शेअर सर्टिफिकेट वारसांच्या नावे करून घेणं, थकबाकी नसल्याचा दाखला आणि पार्किंगचं वाटपपत्र. बिल्डरने 1994 मध्ये 'दिलेलं' पार्किंग बऱ्याचदा फक्त तोंडी असतं, सोसायटीच्या दप्तरात नोंद असेल तरच ते विकताना बोला. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, विक्रीला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची सक्ती नाही, पण खरेदीदाराची बँक तो मागतेच, त्यामुळे नियमावर बोट ठेवून सेक्रेटरींशी वाद घालण्यात हशील नाही. हस्तांतर शुल्क मात्र 9 ऑगस्ट 2001 च्या शासकीय आदेशाने महापालिका हद्दीत जास्तीत जास्त पंचवीस हजार आहे, त्यावर 'इमारत निधी' वगैरे नावाने मागितलं तर लेखी मागा, बहुतेकदा विषय तिथेच मिटतो. इमारत तीस वर्षांची झाली आहे, म्हणजे उपविधींप्रमाणे तिची संरचनात्मक तपासणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी. शेवटचा अहवाल असेल तर त्याची प्रत घ्या, बँकेचा मूल्यांकक विचारतो. ही सगळी कामं समितीच्या बैठकीतून जातात. बैठक महिन्यातून एकदा, आणि मे महिन्यात अर्धी समिती नातवंडांकडे किंवा कोकणात. म्हणून नोव्हेंबरात अर्ज द्या.

घरातल्या कपाटातून 1994 चा मूळ नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा) शोधा. वडिलांनी कर्ज घेतलं असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्रही. मूळ करारनामा सापडला नाही तर लगेच वकिलांना सांगा. पोलिसांत हरवल्याची नोंद, जाहीर नोटीस आणि नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, हा रस्ता आहे, पण वेळखाऊ आहे. महापालिकेचा मिळकतकर भरलेला ठेवा. महावितरणचं मीटर घर बंद आहे म्हणून काढून टाकू नका, बिल तुमच्या नावे करून घ्या.

आता घर. ऑक्टोबर हा ओल बघायला सगळ्यात चांगला महिना आहे, कारण पाऊस नुकताच संपलाय आणि डाग अजून खोटं बोलत नाहीत. मार्चमध्ये तीच भिंत कोरडी दिसेल आणि पुढच्या जुलैत नव्या मालकाचा फोन येईल. आईला दिवाळीत घेऊन आलात तर उजेडात फिरून तीन ठिकाणं बघा: खिडक्यांखालच्या भिंती, बाहेरच्या भिंतीतल्या बारीक भेगांच्या आतली बाजू, आणि बाथरूम-संडासाचं छत, कारण वर चौथा मजला आहे. शंका असेल तिथे प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून दव जमलं तर भिंतीत पाणी आहे.

दुरुस्ती कोणी करायची हे ओल कुठून येते यावर आहे. बाहेरच्या भिंतीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपातून पाणी येत असेल तर ते काम सोसायटीचं. वरच्यांच्या संडास-मोरीतून गळत असेल तर ते वरच्या सभासदाचं. वरच्यांचं बाथरूम फोडायचं म्हणजे त्यांच्या सोयीने, त्यांच्या घरातलं लग्नकार्य आणि परीक्षा सांभाळून. हे बोलणं तुम्ही स्वतः जाऊन करा, एजंटला पाठवू नका. आईवडिलांशी त्यांचे तीस वर्षांचे संबंध आहेत, त्याचा उपयोग होतो. काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत झालं तर गिलाव्याला महिनाभर वाळायला मिळतो आणि जानेवारी अखेर रंग लावता येतो. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग लावला तर त्याला पोपडे येतात, आणि ते यायचा मुहूर्त नेमका पाहुणे घर बघायला येण्याचा असतो. नुसता डाग झाकून विकायचा विचारही करू नका. मुरलेला खरेदीदार नवा रंग दिसला की तिथेच हात लावून बघतो, आणि एक झाकलेली गोष्ट सापडली की तो बाकीच्या सगळ्या बोलण्याची किंमत कमी करतो.

मॉड्यूलर किचनला माझा नकार आहे. जुना ओटा, कडाप्पा, वरचे लाकडी कप्पे बघून खरेदीदार मनातल्या मनात ते फोडतोच. नवं केलंत तरी तो फोडणार, फक्त फोडताना तुमच्या पैशांचं वाईट वाटून घेणार. जुन्या टू बीएचकेत बहुतेक जण किचन आणि दिवाणखान्यातली भिंत काढता येते का, हेच विचारतात. 'तीन घाला, दहा मिळवा' हे गणित एजंटने कुठल्या फ्लॅटवरून काढलंय ते विचारा. त्याच रस्त्यावरचे, किचनसह आणि किचनशिवाय विकलेले, नोंदणी झालेले दोन दाखवा म्हणा. मला वाटतं दाखवता येणार नाहीत. पैसे घालायचेच तर विजेवर घाला. जुने फ्यूज काढून एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच), विजेची गळती झाली तर वीज तोडणारा स्विच आणि एसीसाठी नीट अर्थिंग. ते झाल्याचं सांगता येतं आणि दिसतं. गळके नळ, तुटलेली फ्लशची टाकी, न लागणारी कडी, हे सगळं बदला. दारांच्या चौकटींना वाळवी आहे का बघा. रंग एकच, फिकट, सगळ्या खोल्यांना. बस.

बंद घराचा एक वेगळा त्रास असतो, वास. मोरीच्या जाळीखालचं पाणी महिन्याभरात उडून जातं आणि तिथून गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायला आणि तासभर खिडक्या उघडायला सांगा. गॅलरीत कबुतरांनी घर केलं असेल तर साफ करून जाळी लावा. पुण्यात कबुतरांमुळे सोडलेले फ्लॅट मी पाहिलेत, हसण्यावारी नेऊ नका.

सामान. हे काम दिवाळीत आईंच्या समक्ष करा, त्यांच्या मागे नको. त्यांना हवं ते बंगळूरला, द्यायचं ते नातेवाइकांना, उरलेलं विकून टाका. देवघर रिकामं केलं तर भिंतीवरचे खिळे आणि काजळीचा काळा डागही रंगात घ्या. घर पूर्ण रिकामं दाखवावं की दोन खुर्च्या ठेवाव्यात, यावर आमच्या धंद्यात मतं दोन आहेत. माझ्या मते जुन्या फ्लॅटच्या खोल्या आजच्या नव्या फ्लॅटपेक्षा मोठ्या असतात, तेव्हा रिकाम्याच दाखवा, तोच तुमचा माल आहे. त्यासाठी एका दिवसात आतून आतून मोजमाप घेऊन कार्पेट क्षेत्र काढून ठेवा. 1994 च्या करारात भिंती धरून येणारं बिल्ट-अप लिहिलेलं असणार आणि आजचा खरेदीदार कार्पेटच विचारतो. आकडा तयार नसेल तर तो स्वतः अंदाजाने काढतो, आणि त्याचा अंदाज नेहमी कमीच असतो.

भाव ठरवताना संकेतस्थळांवर लोकांनी लिहिलेले भाव बघू नका, ते मागण्याचे आहेत. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तुमच्याच गल्लीतले गेल्या वर्षातले सूची क्रमांक दोन बघा, खरा भाव तिथे दिसतो. त्यातून लिफ्ट नसल्याचं वजा करा. तिसऱ्या मजल्याला ज्येष्ठ नागरिक येणार नाहीत, हे मान्य करून चाला. मेट्रोचं स्टेशन चालत दहा मिनिटांत असेल तर ते मात्र ठळक सांगा, वनाजची मेट्रो सुरू झाल्यापासून भाड्याने देण्यासाठी घेणारे लोक तेच विचारतात. रेकनर मूल्यापेक्षा नऊ टक्क्यांहून खाली उतरू नका, तिथून खाली गेलं की फरकावर दोन्ही बाजूंना आयकराचा त्रास होतो. आणि काही रक्कम रोखीत घ्या असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावरची रक्कम रोखीत घेणं कायद्याने चालत नाही, आणि त्यात एक विक्रेता अनिवासी म्हटल्यावर प्रत्येक रुपया बँकेतूनच गेलेला बरा.

मार्च-एप्रिलमध्ये घर बघायला येणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, पाणी किती वेळ येतं आणि टँकर लागतो का. गेल्या उन्हाळ्यातली सोसायटीची टँकरची बिलं किंवा ती नसल्याचं, दोन्ही सांगता आलं पाहिजे. घर दाखवायची वेळ सकाळची ठेवा. पश्चिमेची खोली एप्रिलमध्ये दुपारी चारला दाखवली तर ती भाजून निघालेली असते आणि ते माणसाच्या लक्षात राहतं.

तुमच्या एजंटला आत्ताच काढून टाकायची गरज नाही. त्याला सांगा की घर फेब्रुवारीत दाखवायला मिळेल, दलाली किती टक्के ते लेखी दे, आणि फोटो रंग झाल्यावरच काढ. अंधाऱ्या, सामान भरलेल्या घराचे फोटो एकदा फिरले की फेब्रुवारीतले चांगले फोटो कोणी उघडून बघत नाही. किल्ली मात्र एकाच माणसाकडे ठेवा, शक्यतो शेजाऱ्यांकडे, म्हणजे कोण कधी येऊन गेलं हे तुम्हाला कळेल.

आणि जानेवारीतच चांगलं गिऱ्हाईक आलं तर? रंग व्हायचाय, पण वारस दाखल्याचा अर्ज झालाय, मुखत्यारपत्र आलंय, सोसायटीचं काम मार्गी लागलंय, अशी स्थिती असेल तर पाडव्यासाठी थांबू नका. विसार पावतीत कुठले कागद कधीपर्यंत द्यायचे, बँकेने कर्ज नाकारलं तर विसाराचं काय, आणि ताबा कोणत्या तारखेला, एवढं स्पष्ट लिहा. त्यांना मुहूर्त हवाच असेल तर खरेदीखताची तारीख पाडव्याच्या आठवड्यातली टाका. रंगाचे पैसे मग त्यांच्याकडेच राहू द्या, ते त्यांच्या आवडीचा लावतील.